विवेक: नाही

मला विवेक नाही. हे मी म्हणत नाही, कागद म्हणतो. खाली सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. माझा नवरा जाईपर्यंत हेच सांगत होता, पण त्याच्याकडे शिक्का नव्हता.

मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला आहे. तेवीस वर्षं झाली. धुऊन वाळून आलेली चादर काचेच्या टेबलावर पसरायची, खालून दिवा लागलेला असतो, आणि बघायचं. धड असेल तर वापरात, विरली असेल तर रफूला, कामातून गेली असेल तर चिंध्यांत. दिवसाला चारशे चादरी. सगळे मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे मिरची म्हणतात, दोन्ही मला ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारी एक मशीन आणून बसवलं. कपाटाएवढं, चाकांवरचं, वर कॅमेऱ्याची मान आणि पोटावर तीन दिवे. हिरवा म्हणजे वापरा, पिवळा म्हणजे रफू, लाल म्हणजे चिंध्या. कंपनीकडे मुकं मॉडेल शिल्लक नव्हतं म्हणून त्यांनी त्याच किमतीत बोलणारं पाठवलं, आणि तेव्हापासून ते बोलतंय. बोलतं तेही छापील. आम्ही त्याचं नाव पंडित ठेवलं. कामाला चोख आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या दुप्पट चादरी बघतं आणि कंबर धरली म्हणत नाही. पण कानामागून आलं आणि तिखट झालं, ते कसं ते ऐका.

आमची लॉन्ड्री ज्यांनी काढली त्या थोरल्या मालकांना ग्रीक तत्त्वज्ञानाचा नाद होता. कोणाला पत्त्यांचा असतो, कोणाला कबुतरांचा, त्यांना हा. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोणी ग्रीक गुरुजी होऊन गेले, त्यांनी म्हणे बुद्धीचे पाच सद्गुण सांगितले. ते मालकांनी इस्त्रीच्या यंत्रावरच्या भिंतीवर रंगवून घेतले: कसब, ज्ञान, विवेक, मर्मदृष्टी, प्रज्ञा. नियमावलीतही लिहून ठेवलं, की ज्याच्या अंगी हे पाचही असतील तोच पाळीप्रमुख. पुढे मालक गेले, लॉन्ड्री इस्पितळानं घेतली, पण नियम खोडायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं पाळीप्रमुख कसा नेमायचे? सकाळी सहाला येऊन कुलूप उघडायला जो तयार होईल तो. कागदावरच्या पाच खुणा मॅनेजर चहा पिता पिता करून टाकायचा.

यंदा जुना पाळीप्रमुख निवृत्त झाला आणि किल्ली घ्यायला कोणी पुढे येईना. मॅनेजरच्या डोक्यात आलं, पंडितालाच करू. ते कुठे घरी जातं? फक्त मशीनच्या नावापुढे उगाच खुणा केल्या तर वरून विचारतील, म्हणून रीतसर परीक्षा घ्यायची ठरली. त्यासाठी एक प्रोफेसर बाई बोलावल्या. त्यांनी तीस वर्षं कॉलेजात ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत कॉलेजाबाहेरच्या कोणी त्यांना त्याबद्दल काही विचारलं नव्हतं. शेवटी विचारलं ते लॉन्ड्रीनं. बाई नवी पर्स घेऊन आल्या होत्या.

माझं लक्ष मात्र तेव्हा त्यांच्या परीक्षेत नव्हतं. अप्पा वरच्या वॉर्डात होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे औषधाच्या खोक्यावरचं सुद्धा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. आई गेल्यापासून अकरा वर्षं माझ्याकडे आहेत. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता शुक्रवारी सोडणार होते, आणि कुठे सोडायचं ते कागदावर सही करून सांगायचं होतं. एक तर माझ्या घरी, म्हणजे तीन मजले वर आणि मी कामावर असेपर्यंत दिवसभर एकटे. नाही तर नदीपलीकडचं वृद्धनिवास, तळमजल्याची खोली, हाकेला माणूस. तिथे एक जागा रिकामी होती आणि शुक्रवारी दुपारपर्यंतच ते ती धरून ठेवणार होते.

आता खरं सांगते. मला वाटत होतं, त्यांना तिकडे ठेवावं. जिन्यासाठी नव्हे. मी दमले होते. अकरा वर्षं रात्री तीनदा उठायचं, सकाळी त्यांचं सगळं आवरायचं, मग चारशे चादरी, मग पुन्हा त्यांचं सगळं. आणि तसं मनात आलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तो फार लांब राहतो, आणि जितका लांब जातो तितका त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढतो. म्हणाला, "तू ठरवशील ते बरोबर. तुझ्याइतकं समजूतदार आपल्या घरात कोण आहे?" समजूतदार म्हणायचं आणि गाढवावर लादायचं.

तर परीक्षा. कसबाला पंडितानं नऊशे चादरी लावून दाखवल्या. ज्ञानाला बाईंनी सुताबद्दल विचारलं आणि पाऊण तासानं त्यांनीच हात जोडले. मर्मदृष्टी म्हणजे गोष्टीच्या मुळाला एका झेपेत हात घालणं. बाईंनी विचारलं, "चादर म्हणजे काय?" पंडित म्हणालं, "अंग आणि गादी यांना जी एकमेकांपासून वाचवते ती." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं, मी त्या चादरींवरचे डाग बघते.

प्रज्ञेची परीक्षा म्हणजे जे कधी बदलत नाही त्याचं तासभर मूक चिंतन. पंडित तासभर हललं नाही, बोललं नाही, एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. सगळे श्वास रोखून बसले होते. मग झाडूवाली आली आणि म्हणाली, प्लग मी काढलाय, मला पाण्याची मोटर लावायची होती. मॅनेजरचा चेहरा पडला. पण प्रोफेसर बाई म्हणाल्या, "चिंतन झालं नाही असं आपल्याला सिद्ध करता येईल का?" कोणाला करता आलं नाही. खूण झाली.

राहिला विवेक. बाई म्हणाल्या, "याचं पुस्तक नसतं. समोर जे आहे, जसं आहे, त्यात काय करणं बरं, हे ओळखणं म्हणजे विवेक. तुलनेला एखादा माणूस लागेल." मॅनेजरनं मान वळवली. सगळ्यात जवळ मी उभी होते.

चहाच्या खोलीत एका बाजूला पंडित, एका बाजूला मी, आणि दोघांना तेच दहा प्रश्न. खुणा करायला मॅनेजर.

पहिला प्रश्न बाईंनी वाचला. "मैत्रिणीनं नवा कपडा घातलाय, तो तिला शोभत नाही. ती विचारते, कसा दिसतो? तुम्ही काय सांगाल?"

पंडित म्हणालं, "सत्य सौम्य शब्दांत सांगावे."

मी म्हटलं, "दुकानदार परत घेतो का?"

"ताई, उत्तर द्या. उलटा प्रश्न नको," मॅनेजर म्हणाला.

"अहो, परत घेत असेल तर खरं सांगेन. घेत नसेल तर छान दिसतोय म्हणेन. तिला तो आता वर्षभर घालायचाय."

मॅनेजरनं फुली मारली.

"सोबतचा कामगार तीन दिवस उशिरा येतोय."

पंडित म्हणालं, "प्रथम तोंडी समज, मग लेखी सूचना, मग वरिष्ठांना कळवणे."

"कोण येतोय उशिरा?" मी विचारलं.

"कोणीही."

"कोणीही कसा येईल? कोणीतरीच येतो. इस्त्रीवाला असेल तर त्याच्या घरी तान्हं मूल आहे, त्याचं काम मी उचलीन. गाडीवाला असेल तर त्याच्या बापाला सांगेन, तोच बघेल."

फुली.

रुग्णाला नियमानं एकच उशी आणि तो दुसरी मागतोय, यावर पंडितानं नियमाचा क्रमांक सांगितला. मी म्हटलं, देईन आणि कुठे लिहिणार नाही. मॅनेजरनं फुली मारली आणि शिवाय स्वतःच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पंडिताला दहापैकी नऊ, मला दोन. त्या दोनातल्या एका प्रश्नाला मी नुसती शिंकले होते.

प्रोफेसर बाई अस्वस्थ झाल्या. म्हणाल्या, "पण त्या गुरुजींचं म्हणणंच असं होतं, की कोणाला, कधी, किती, कशासाठी, हे पाहिल्याशिवाय विवेक नाही. ताई तेच तर विचारताहेत. ही उत्तरं तयार कोणी केली?"

"पंडितानं," मॅनेजर म्हणाला. "घाई होती, आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं."

"मग त्याला दहापैकी दहा का नाहीत?"

पंडित म्हणालं, "एका उत्तराशी नंतर माझी सहमती राहिली नाही."

बाई हरखल्या. स्वतःची चूक ओळखणं हाच विवेक, असं त्यांनी जागच्या जागी लिहून घेतलं. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथे वासरूही मीच होते आणि गायही माझ्या वाट्याला आली नाही. पंडिताला पाच खुणांचं प्रमाणपत्र मिळालं. फॉर्म दुहेरी होता, म्हणून मॅनेजरनं माझाही भरला. अर्धवट काम त्याला चालत नाही. "नमुना मनुष्य. विवेक: नाही." आणि दोन्ही इस्पितळाच्या कॉम्प्युटरात चढवून टाकले.

बुधवारी मी वॉर्डात कागदावर सही करायला गेले. काय सही करणार होते ते तिथे उभी राहीपर्यंत मला माहीत नव्हतं. सिस्टरनं माझं नाव कॉम्प्युटरात घातलं आणि तिचे हात थांबले.

"ताई, तुमची सही घेता येत नाही. तुम्ही इथल्याच नोकर आहात ना, नावापुढे लाल खूण येतेय. विवेक: नाही."

"अहो, तो नमुना होता."

"इथे तसं काही लिहिलेलं नाही."

नियम असा, की निर्णयाच्या कागदावर विवेक नसलेल्या नोकराची सही चालत नाही. त्याच्या विभागातल्या विवेक असलेल्यानं ती करायची. मी म्हटलं, तुम्हाला तरी आहे का हो विवेक? सिस्टर बिचारी सरळ, तिनं स्वतःचं नाव काढून बघितलं. रकाना रिकामा. मॅनेजरचा रिकामा. मोठ्या डॉक्टरांचा रिकामा. ज्याची परीक्षाच झाली नाही त्याचा रिकामा, आणि रिकामा चालतो. 'नाही' चालत नाही. अख्ख्या इस्पितळात 'आहे' असं एकाच नावापुढे होतं, आणि ते नाव माझ्या शेजारी चादरी बघत उभं असतं.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, फेरपरीक्षा सहा महिन्यांनी.

"तोवर माझ्या बापानं कुठे राहायचं, तुमच्या टेबलाखाली?"

"तोवर पंडित आहे ना, ताई."

दादाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग मशीनलाच ठरवू दे. नाहीतरी तुला कळत नाही असं त्यांनी लेखी दिलंय." तीन दिवसांपूर्वी मी घरातली सगळ्यात समजूतदार होते. मी फोन आपटला. म्हणजे आपटण्यासारखा नव्हता, ठेवला जोरात.

पण बसमध्ये बसले आणि माझाच राग हळूहळू उतरायला लागला. पंडित हुशार आहे. पंडित वृद्धनिवासच म्हणणार, मूलही तेच म्हणेल. मग सही त्याची, शिक्का त्याचा. अप्पांना सांगायचं, मी काय करू, माझ्या हातात होतं का? सुंठीवाचून खोकला जात होता. मला इतकं बरं वाटलं की माझा थांबा मागे गेला.

गुरुवारी मी पंडिताला सगळं सांगितलं. ते म्हणालं, "वस्तू समोर उजेडात पाहिल्याविना निर्णय देता येत नाही."

"वस्तू नाही, माझे वडील आहेत."

"वडील समोर उजेडात पाहिल्याविना निर्णय देता येत नाही."

शुक्रवारी सकाळी पंडिताला चादरींच्या गाडीत चढवलं, स्वच्छ गठ्ठ्यांच्या मध्ये, दोन दोऱ्यांनी बांधून. मशीन मॅनेजरच्या जबाबदारीवर, म्हणून मॅनेजर आला. प्रोफेसर बाईंना हे चुकवायचं नव्हतं, त्या वही घेऊन आल्या. वॉर्डाच्या लिफ्टमध्ये पंडित आणि मी मावलो, ती दोघं जिन्यानं धापा टाकत वर आली.

अप्पा उशीला टेकून गोळ्यांच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद वाचत होते. चष्मा खाली करून त्यांनी पंडिताला वरपासून चाकांपर्यंत बघितलं.

"हे कोण?"

"हे पंडित. लॉन्ड्रीतलं. तुमच्या कागदावर हे सही करणार आहे."

"तू का नाही?"

"मला विवेक नाही म्हणून."

"बरं," अप्पा म्हणाले. "बसायला सांग त्याला."

पंडितानं मान पुढे काढली आणि विचारलं, "रुग्णास उजेडासमोर धरता येईल का?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

"मग पडदा सरकवावा."

पडदा सरकवला. कॅमेरा अप्पांच्या पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश फिरला, आणि पंडिताच्या पोटावरचा पिवळा दिवा लागला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"पिवळा म्हणजे काय?" सिस्टरनं विचारलं.

"रफू."

"ते डॉक्टरांनी केलंय," अप्पा म्हणाले.

"दिवा चादरीचा होता," पंडित म्हणालं. "ही चादर विरली आहे, ती परत पाठवावी. आता रुग्णाविषयी." मग त्यानं मला विचारायला सुरुवात केली. पायऱ्या किती? चोपन्न. आपण घराबाहेर किती वेळ? बस धरून नऊ तास. रात्री किती वेळा उठावे लागते? तीनदा. पडल्यास हाकेच्या अंतरावर कोण? कोणी नाही. प्रश्न संपले आणि ते लगेच म्हणालं, "वृद्धनिवास. शंका नाही."

झालं. मला हवं ते झालं होतं, आणि मी काही केलं नव्हतं. मी अप्पांकडे बघितलं नाही, खाटेच्या लोखंडी पायाकडे बघत उभी राहिले.

"मात्र कागदावर एक रकाना उरला आहे," पंडित म्हणालं. "निर्णय घेणाऱ्याची स्वतःची इच्छा. माझी इच्छा नाही. कोणाची लिहावी?"

"रेघ मारून टाक," मॅनेजर म्हणाला.

"रेघ ही इच्छा नाही."

प्रोफेसर बाईंची वही हातातून पडायची राहिली. "हेच ते," त्या मॅनेजरच्या बाहीला धरून म्हणाल्या, "ज्याला काही हवंच नाही त्याला विवेक येणार कुठून? बरोबर ते हवंसं वाटायला लागतं हो. मी ही खूण करायला नको होती."

"आता खोडता येत नाही," मॅनेजर म्हणाला. "शिक्का झालाय."

"तिची लिहा," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "माझी काही इच्छा नाही. पंडितानं सांगितलंय ते मला मान्य आहे."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," अप्पा म्हणाले. "आणि भांडं तरी केवढं आणलंस, कपाटाएवढं. बोल. काय हवंय तुला?"

चार परक्या लोकांसमोर मी काय बोलणार होते कोण जाणे, पण तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. "अप्पा, मी दमलेय. जिना वगैरे सगळं खरं आहे, पण ते नंतरचं. मला आता होत नाही. तुम्ही तिकडे जावं असं मला वाटतंय, आणि असं वाटतंय म्हणून मी स्वतःला शिव्या घालतेय, आणि हे मला म्हणावं लागू नये म्हणून हे धूड मी इथवर आणलंय." आणि मी रडायला लागले. सिस्टरनं मला खुर्ची दिली.

"ही माहिती आधी मिळाली नव्हती," पंडित म्हणालं. मग थोडं थांबून म्हणालं, "उत्तर तेच आहे."

अप्पांनी हात पुढे केला. "तो कागद बघू."

"अप्पा, त्यावर सही यांची..." सिस्टर म्हणाली.

"सही कोणाचीही असो. माझ्याबद्दलचा कागद आहे, मला वाचायला काय हरकत आहे?"

सिस्टरनं दिला. आम्ही सगळ्यांनी तो कागद आठवडाभर हाताळला होता. मी, सिस्टर, मॅनेजर, पंडितानं तर क्षणात वाचला असेल. पण आम्ही सगळे सरळ खालच्या सहीच्या चौकटीवर जात होतो. अप्पांनी पहिल्या ओळीला बोट लावलं आणि मोठ्यानं वाचलं, "रुग्णाने सही करावी. रुग्ण असमर्थ असल्यास नातेवाइकाने करावी." त्यांनी चष्म्यावरून सिस्टरकडे बघितलं. "माझा पाय मोडलाय. मी असमर्थ आहे असं कोणी ठरवलं?"

कोणीच ठरवलं नव्हतं. मॅनेजर भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला. सिस्टर धावत जाऊन कॉम्प्युटर बघून आली आणि म्हणाली, "अप्पांचा रकाना रिकामा आहे. चालेल."

मी खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसले. तीन आठवडे मी दादाला विचारलं होतं, मॅनेजरला विचारलं होतं, सिस्टरला, बसमधल्या एका बाईला, शेवटी मशीनला. रोज संध्याकाळी या खाटेपाशी बसून मी त्यांना विचारलं होतं की दुखतंय का, जेवलात का, शौचाला झाली का. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला काय हवंय?"

"मी रोज वाट बघत होतो, आज विचारेल, उद्या विचारेल," अप्पा म्हणाले. "मला तुझ्याकडेच यायचंय. मला तिकडे जायचं नाही, अजिबात नाही. तिथे मला कोणी ओळखत नाही." त्यांनी सिस्टरकडून पेन मागून घेतलं. "पण तू गेल्या महिन्यात चहाच्या भांड्यापाशी उभ्या उभ्या झोपली होतीस. मी बघितलं."

आणि त्यांनी वृद्धनिवासाच्या चौकटीत खूण केली आणि खाली सही केली. प्रुफावर करायचे तशी, बारीक आणि सुवाच्य.

मी "नको" म्हणाले. दोनदा म्हणाले. पण हात धरला नाही त्यांचा, हे मी विसरणार नाही.

"रुग्णाने स्वतःच्या इच्छेविरुद्ध सही केली," पंडित म्हणालं. "हे कोणत्या गुणात लिहावे?" ते प्रोफेसर बाईंना विचारत होतं. बाईंनी वही मिटली होती. त्या पुढे आल्या आणि पंडिताचा तो पिवळा दिवा, जो अजून लागलेलाच होता, कसा विझवायचा ते मला विचारलं. मी बटण दाखवलं.

दुपारी अप्पांना मीच नेलं. वॉर्डबॉय ढकलतो म्हणाला, मी त्याला चाकांच्या खुर्चीला हात लावू दिला नाही. पंडित चादरींच्या गाडीतून परत गेलं आणि सोमवारी पाळीप्रमुख झालं. माझा मंगळवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यानंच मंजूर केला, कारण न विचारता. मॅनेजर म्हणतो, फेरपरीक्षेला बसा. मी म्हटलं, राहू दे तो रकाना.

त्या शुक्रवारी रात्री मी नऊ तास झोपले. सलग. सकाळी जाग आली तेव्हा आधी फार बरं वाटलं आणि मग इतकी लाज वाटली की उठवेना. मंगळवारी गेले तेव्हा अप्पांना दोन्ही सांगितलं.

"बरं झालं झोपलीस," ते म्हणाले. त्यांची खोली स्वच्छ होती, चादर धड होती, मी सवयीनं बघितली. भिंतीवर जेवणाच्या वेळांचा छापील तक्ता होता, तो त्यांचा वाचून झाला असणार. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं, ती मी मांडीवरच धरून बसले होते.

"घाई नाही ना आज तुला?"

माझी परतीची बस दहा मिनिटांत होती, त्यानंतरची दीड तासानं.

"नाही," मी म्हटलं, आणि पिशवी खाली ठेवली.